बिडाचं पातळ काम: अमेरिकेतल्या जुन्या कोळशाच्या शेगड्या
(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांपुढे बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कौतुक करायचं म्हणजे धाडसच. पण या शेगड्यांचं खरं मोल तुम्हालाच कळेल. अँटिकवाले निकेलची चकाकी बघून भाव करतात. तुम्ही आधी प्लेटची जाडी बघाल.

या शेगड्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, अमेरिकेतल्या. नाव बेस बर्नर. छातीइतक्या उंच, डोक्यावर कळस, कमरेला निकेलची महिरप आणि अंगावर ओळीनं लहान खिडक्या. जागा दिवाणखान्यात, काम घर ऊबदार ठेवण्याचं.

सगळी करामत कोळशाची आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागात अँथ्रासाइट हा कोळसा सापडतो: कठीण, चकचकीत आणि पेटायला महाहट्टी. विल्क्स-बॅरी गावात जेसी फेल यांनी १८०८ साली तो आपल्या खानावळीत साध्या लोखंडी जाळीवर जाळून दाखवला, तेव्हा लोकांचा विश्वास बसू लागला. पुढे १८३०च्या दशकात न्यूयॉर्कचे जॉर्डन मॉट यांनी बारीक कोळशावर चालणारी, स्वतःच कोळसा ओढून घेणारी शेगडी काढली. हा बारीक माल तोवर कचऱ्यात जायचा.

आत मधोमध बिडाचं एक नळकांडं टांगलेलं असतं, तळाशी उघडं. त्यात वरून कोळसा भरायचा. खालच्या भांड्यातला कोळसा जळून बसला की वरचा आपल्या वजनानं खाली उतरतो. पेटतो फक्त तळाचा थर. रात्री भरून झोपलात तर सकाळी विस्तव जिवंत. मऊ, धुराचा कोळसा यात चालत नाही. तो तापला की फुगतो, गोळा होतो आणि नळकांड्यातच अडकून बसतो. शिवाय काजळीनं खिडक्या काळ्या. अँथ्रासाइटला धूर जवळजवळ नसतोच, म्हणून तर खिडक्या ठेवणं जमलं. त्यांना काच नाही, अभ्रक लावत. सुरीनं पापुद्रे सोडवायचे आणि चौकटीत सरकवायचे.

आता तुमच्या धंद्याकडे येतो. या कामाची मोठी गावं म्हणजे न्यूयॉर्क राज्यातली, हडसन नदीकाठची ऑल्बनी आणि ट्रॉय. १८२५मध्ये एरी कालवा पूर्ण झाला आणि माल थेट पश्चिमेकडे जाऊ लागला. पण त्याहून मोठं भाग्य म्हणजे तिथली मोल्डिंगची, म्हणजे साचे बनवायची, वाळू, इतकी बारीक की वेलबुट्टीची नस न् नस उठावी. प्लेटची जाडी पाव इंचाहूनही कमी. इतक्या पातळ साच्यात धातू गोठण्याआधी कोपऱ्यापर्यंत पोचावा म्हणून जास्त फॉस्फरसचं बीड वापरत. ते ठिसूळ होतं हे तुम्ही सांगालच, पण शेगडीला कुठे धक्के खायचेत? आणि ती नक्षी, जिला आज नाकं मुरडतात, ती माझ्या मते निव्वळ हौस नव्हे. सपाट पातळ पत्र्यावर बारीकसा दोषही उठून दिसतो, नक्षीत तो लपतो. या मोल्डरांची संघटनाही जबर होती. विल्यम सिल्व्हिस यांनी १८५९ साली ठिकठिकाणच्या मोल्डरांना एकत्र आणलं.

पुढे डेट्रॉईट या धंद्याची राजधानी झालं. १८९३च्या शिकागो प्रदर्शनासाठी तिथल्या मिशिगन स्टोव्ह कंपनीनं गारलँड शेगडीची राक्षसी प्रतिकृती केली: २५ फूट उंच, १५ टन वजनाची. आणि ती होती चक्क लाकडाची! ओक कोरून वर धातूसारखा रंग दिलेला. जिच्यात कधीच विस्तव पेटला नाही, ती २०११ साली वीज पडून जळाली.

आजकाल लोक अशा शेगडीत लाल बल्ब लावून ठेवतात. मला ते बघवत नाही. मात्र पेटवायची तर चिमणी आणि झडप आधी तपासा. अँथ्रासाइटचा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड तर होतोच, आणि त्याला वासही नसतो.

विकत घेताना निकेलकडे बघू नका, विस्तवाच्या भांड्याला तडा आहे का ते बघा. अभ्रक बदलणं सोपं असतं. अडचण होते तुटलेल्या भागांची. जुनाच भाग पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, म्हणून वापरला तर बीड निवताना फुटामागे साधारण अष्टमांश इंच आकसतं, हे तुम्हाला सांगायला नको. मग नवं झाकण जुन्या बोल्टच्या भोकांवर बसत नाही, आणि मालक दोष देतो मोल्डरला.