जोडीदाराचं वजन

नमस्कार. खानापूर, निपाणी, चिकोडी असं लांबलांबून रविवार मोडून आलाय तुम्ही सगळे, म्हणून थेट कामाचंच बोलतो. नाच असो की नाटक, जोडीचे खेळ आपण घेतो ते वॉर्मअप म्हणून, पाच मिनिटं आरसा-आरसा, म्हणजे एकानं हलायचं, समोरच्यानं आरशासारखी नक्कल करायची, पोरं हसली की झालं, मग म्हणे खरी प्रॅक्टिस सुरू. माझं म्हणणं आहे की खरी प्रॅक्टिस तीच.

फुगडी घ्या. आपल्या पोरींना ती कुणी शिकवत नाही, पंचमीला, गौरीला बघूनच येते. पाय जवळ, हातांची कैची आणि दोघी मागं रेलतात. त्या कोनात एकटी उभी राहूच शकत नाही, समोरचीच तिला धरून ठेवते. आणि दोघी सारख्या वजनाच्या लागतात असंही नाही, हलकी पोरगी थोडी जास्त रेलली की तोल बसतो, हे त्यांचं त्याच शोधून काढतात. मी एकदा घाईत नुसती बोटं धरून हे करून घेतलं, घामानं हात सुटले आणि एक पोरगी फरशीवर आपटली. अजून तो आवाज कानात आहे. आता आधी मनगटात मनगट, गुडघे सैल, आणि एकानं 'थांब' म्हटलं की दोघांनी थांबायचं, एवढं पक्कं झाल्याशिवाय मी कुणाला रेलू देत नाही.

सातवी-आठवीत मुलगा-मुलगी हात धरायला लाजतात, तिथं जबरदस्ती नको. हातभर बांबूची कामटी द्या, एक टोक याच्या बोटावर, दुसरं तिच्या, आणि चाला, बसा, गिरकी घ्या. जास्त दाबलं तर बोटाला टोचते, ढिलं सोडलं तर पडते. पहिली दोन मिनिटं पोरं कामटीकडंच बघतात, मग नजर आपोआप समोरच्याच्या खांद्याकडं जाते, कारण माणूस वळणार हे खांद्यावर आधी दिसतं. आरशातही तसंच, जो पुढं त्यानं इतकं सावकाश हलायचं की बघणाऱ्याला कोण पुढं, कोण मागं कळूच नये.

अमेरिकेत नाटक शिकवणाऱ्या व्हायोला स्पोलिन बाईंनी १९३९ च्या सुमारास शिकागोत असेच खेळ बसवले, समोर वेगवेगळ्या देशांतून आलेल्या घरांतली पोरं, भाषा निरनिराळ्या. आपल्याकडं एका बाकावर घरी मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी तिघं बसतात, तेव्हा मला हे लांबचं वाटतच नाही. परवा एका जोडीची कामटी सारखी पडत होती, पोरगी मराठी, पोरगा कन्नड. 'तो ओढुलालाय की ओ सर!' असं ती वैतागून म्हणाली. तो एकच शब्द बोलला, 'निधान', म्हणजे सावकाश. ती सावकाश झाली, आणि भिंतीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत कामटी पडली नाही.

चला, खुर्च्या बाजूला घ्या. जोड्या मैत्रीवर नकोत, कुणीतरी नेहमी एकटं उरतं, जन्माच्या महिन्यावर लावूया. कामट्या दाराजवळच्या पोत्यात आहेत.