पेटी नंबर एक

नमस्कार मंडळी. जेवणं उरकली असतील. मागल्या दारी भांडी पडली असतील तर ती घासत घासत ऐका, माझी हरकत नाही. आज जुन्या सिनेमांतल्या नटनट्या आणि मनात रुतून बसलेले प्रसंग, असा विषय दिलाय मला.

आता कोकणातला माणूस सिनेमावर बोलायला बसला की 'श्यामची आई'पासून सुरुवात करणार, हे तुम्ही धरूनच चालला असाल. खरंच आहे ते. गोष्ट आपल्या दापोलीकडच्या पालगडची. अत्र्यांनी 1953 साली ती पडद्यावर आणली, वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक तिला मिळालं. संगीत वसंत देसायांचं, तेही आपल्या कुडाळकडचे. पण तो सिनेमा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मला आज बोलायचंय ते एका वहाणेबद्दल.

सिनेमा 'संत तुकाराम'. प्रभातचा, 1936 सालचा, दामले-फत्तेलालांचा. मुंबईत एकाच थिएटरात वर्षाच्या वर चालला, 1937 साली व्हेनिसला त्याचा गौरव झाला. तुकाराम झाले होते विष्णुपंत पागनीस. एके काळी नाटकात बायकांची कामं करणारा हा माणूस, आणि पुढे लोकांनी तुकाराम म्हटलं की त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे आणला. पागनिसांचं नाव सगळे घेतात. तुकारामांच्या बायकोचं, जिजाईचं काम जिने केलं तिचं नाव विचारा, दहातले आठ जण गप्प. गौरी. परत सांगतो, गौरी. पुढे आडनाव नाही, काही नाही, नुसतं गौरी.

पोर तापलेलं, नवरा भजनात. ही पोराला घेऊन तडक देवळात जाते आणि पांडुरंगावर वहाण उगारते. आजच्या मालिकेतली बाई असती तर चार भाग रडली असती, तेही इस्त्रीची साडी नेसून. चुलीपुढच्या बाईच्या पदराला राख नको का लागायला? आमच्याकडे गणपतीचा स्वयंपाक करणाऱ्या बायका बघा एकदा. असो. गौरी रडत बसत नाही, ती भांडते. हे लक्षात ठेवा, ती भांडते.

तर आता वहाणेची गोष्ट. मी तेव्हा चौथीत. देवगडच्या खालच्या अंगाला, खाडीकाठचं आमचं गाव. रवळनाथाच्या देवळापुढे दोन माडांच्या मधे पांढरा कपडा ताणून सिनेमा व्हायचा. एक रीळ म्हणजे हजार फूट, जेमतेम दहा-अकरा मिनिटं. म्हणजे अख्खा तुकाराम बारा-तेरा रिळांचा, दोन पेट्यांतून यायचा. आदल्या रात्री खेळ पलीकडच्या गावात झालेला. मशीनवाला तरीतून, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या होडीतून, उतरला, बैलगाडीतून सामान आलं, माणसं गोणपाटं पसरून बसली. त्याने पेटी उघडली आणि कपाळाला हात लावला. पेटी नंबर दोन! नंबर एक पलीकडेच राहिलेली. आणि खाडीला ओहोटी. आता भरती येईपर्यंत होडी चिखलातून हलणार नाही. (आता तिथे पूल झालाय. दोन मिनिटांत पलीकडे. पण तरीत बसल्यावर माणसं एकमेकांची चौकशी तरी करायची, पुलावर नुसता हॉर्न.)

माणसं उठायला लागली. तेव्हा आमची आते उभी राहिली. लग्नाआधी ती गिरगावात मामाकडे असायची, हा सिनेमा तिने तिथे दोनदा बघितलेला. म्हणाली, "बसा रे! पेटी येईसर मी सांगतंय."

आणि सांगायला लागली. गॅसबत्तीच्या उजेडात तुकाराम झाली, त्यांच्या वाईटावर असलेला सालोमालो झाली, म्हशीला हाकलणारी जिजाई झाली. पोरं टाळ्या पिटत होती. मग तो प्रसंग आला. आतेने पदर खोचला. हातात वहाण हवी. ती अनवाणी. दीपमाळेखाली काढून ठेवलेल्या चपलांच्या ढिगातून तिने जी हाताला लागली ती उचलली, नवी, करकरणारी, तेल पाजलेली. गावच्या मानकऱ्यांची! आणि विठोबा म्हणून ती वळली कुणीकडे? सवयीने वळली ती थेट रवळनाथाच्या गाभाऱ्याकडे. वहाण वर. "काळ्या, माझ्या पोराक काय झाला तर बघ!"

सगळं गाव चिडीचूप. एवढं, की खाडीच्या चिखलात खेकडे करकरतायत ते ऐकू यावं.

गुरव पुढे धावला. "अगो, तुका कळता काय? समोर देव आसा!"

आते वहाण तशीच धरून म्हणाली, "देवाक कळता, नाटक खयचा नि खरा खयचा. तुकाच कळत नाय."

मानकरी काही बोलेनात. त्यांना रागवावं की वहाण परत मागावी, हेच ठरत नसावं.

पेटी आली मध्यरात्र उलटल्यावर. सिनेमा झाला. पडद्यावर गौरीने वहाण उगारली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "आतेन बरां केल्यान." माणसं हसली. आते हसली नाही. ती गोणपाटावर पुढे सरकून, तोंडावर पदर धरून, डोळ्याची पापणी न हलवता गौरीकडे बघत होती. मी शेजारीच होतो. पोराला सोसत नाही म्हणून देवाला जाब विचारणारी बाई. आणि आतेचा थोरला त्याच पावसाळ्यात तापाने गेलेला होता. ते मला तेव्हा ठाऊक असून सुचलं नव्हतं.

सकाळी देवळात गाऱ्हाणं. आतेच्या हातात नारळ, मानकरी पायांत त्याच वहाणा घालून आले आणि पायरीखाली नीट लांब काढून ठेवल्या. गुरवाने सुरुवात केली, "बा देवा महाराजा, लेकरान काय चूकभूल केली आसात ती पोटात घाल, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आतेचा.

नारळ फुटला, शेरणी वाटली. माणसं पांगल्यावर आते गुरवाजवळ गेली आणि हळूच विचारलं, "पण काय रे, तिच्यापेक्षा माझां बरां झालां मा?"

गुरवाने आधी गाभाऱ्याकडे बघितलं, मग मानकरी लांब गेलेत ना ते बघितलं, आणि मान हलवली.