बॉझमच्या चर्चखालची कबर

मंडळी, फ्रान्समधल्या बायो इथला तो प्रसिद्ध भरतकामाचा पट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी निदान चित्रात तरी पाहिला असेल. सुमारे ७० मीटर लांब, लिननवर लोकरीच्या धाग्यांनी भरलेला. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड कसं जिंकलं, याची ती गोष्ट. पण ती लढाईपासून सुरू होत नाही. सुरुवातीलाच हॅरल्ड, म्हणजे पुढे इंग्लंडचा राजा होऊन विल्यमशी लढताना पडलेला सरदार, आपल्या माणसांसह एका गावी येतो, चर्चमध्ये प्रार्थना करतो, माडीवर जेवणावळ उठते आणि मंडळी जहाजाकडे निघतात. गावाचं नाव धाग्यांनीच लिहून ठेवलंय: बॉझम.

जहाजाकडे निघालेल्यांकडे जरा नीट बघा. पाय उघडे, अंगरखे वर खोचलेले, काखेत शिकारी कुत्रा, हातावर ससाणा, आणि थेट पाण्यातून चालणं. बॉझम पाहिलं की हे पटतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समध्ये, चिचेस्टर बंदराच्या एका उथळ फाट्यावर हे गाव आहे. ओहोटीला तिथं चिखलच चिखल, आणि मोठ्या भरतीला पाणी थेट शोअर रोडवर. काठावरच्या घरांचे उंबरे उगाच उंच नाहीत! पाटी वाचूनही लोक तिथं गाडी लावतात आणि निवांत पबमध्ये जाऊन बसतात. पुढचं सांगायला नको.

गाव हॅरल्डच्याही आधीचं. बीड या इतिहासकार संन्याशाने ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात लिहिलंय की इथं डिकुल नावाचा आयरिश संन्यासी पाच-सहा साथीदारांसह लहानशा मठात राहत असे, पण आसपासचं कुणी त्यांचं प्रवचन ऐकायला फिरकत नसे. (व्याख्यात्यांना हे दुःख नवं नाही.)

आजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये शिरलात की समोरच वेदीकडे जाणारी मोठी दगडी कमान दिसते. ती सॅक्सन काळातली, म्हणजे विल्यम येण्याआधीची. मनोऱ्याचा खालचा भागही तसाच जुना. पटावरच्या चर्चमध्येही ठळक कमान आहे. ती हुबेहूब हीच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. भरणाऱ्या हातांनी बॉझम पाहिलं होतं की नाही, कोण सांगणार?

पण लोकांना कमानीपेक्षा जमिनीखालचं जास्त खुणावतं. इंग्लंडवर राज्य केलेल्या कॅन्यूट या डेन राजाची लहान मुलगी गिरणीच्या ओढ्यात बुडाली आणि इथं पुरली गेली, अशी गावात पूर्वापार आख्यायिका. १८६५ मध्ये फरशी उकरताना खरोखरच लहान मुलाची दगडी शवपेटी सापडली. आख्यायिकेला आणखी काय हवं? १९०६ मध्ये गावच्या मुलांनी तिथं स्मृतिफलक बसवला, त्यावर डेन लोकांचा काळा कावळा आहे. मग १९५४ मध्ये शेजारीच दुसरी पेटी निघाली. आत धिप्पाड पुरुषाचा सांगाडा, डोकं नाही, पायांचाही भाग गायब. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या रणात हॅरल्ड पडला आणि त्याच्या देहाची विटंबना झाली, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक. दोन्ही गोष्टी जोडायला कितीसा वेळ लागतो!

पुढे डीएनए आला आणि हा हॅरल्डच का, हे थडगं उघडून तपासावं, असा अर्ज झाला. चर्चच्या आवारात उकरायचं तर बिशपच्या प्रांताच्या धर्म-न्यायालयाची परवानगी लागते. २००३ मध्ये ती नाकारली गेली. हॅरल्डला एसेक्समधल्या वॉल्थमच्या चर्चमध्ये पुरलं, असाच बहुतेक अभ्यासकांचा कौल होता. शिवाय इतक्या जुन्या हाडांतून काही हाती लागलं, तरी ते जुळवायचं कशाशी? खात्रीचा वंशज कुठून आणायचा? मृताला एकदा पुरल्यावर त्याला विनाकारण हलवू नये, हे चर्चचं जुनं धोरण. ते मोडायला लागणारं सबळ कारण इथं दिसलं नाही.

काहींना हा निर्णय भित्रा वाटला. मला तो शहाणपणाचा वाटतो. चाचणीतून ‘असू शकेल’ एवढंच निघालं असतं, आणि त्या ‘असू शकेल’वर दुसऱ्या दिवशी ‘हॅरल्डच’ अशी पाटी चढली असती. त्या पाटीखाली उभं राहून कमानीकडे वर बघणारे किती उरले असते?

जाणाऱ्यांसाठी एवढंच: बॉझमला रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून धक्क्यापर्यंत चालत जाता येतं. गाडीनेच जायचं असेल, तर निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा.