मक्याचा ओलावा, कोंबडीचं वजन

[दृश्य: ऑक्टोबर. सिल्लोड–भोकरदन रस्त्याच्या कडेला वाळत घातलेला मका.]

निवेदन:
ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या, खाद्यात ६० टक्क्यांच्या आसपास मका असतो आणि २५ ते ३० टक्के सोयापेंड. उरलेल्यात तेल, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरससाठी), मीठ, जीवनसत्त्वं आणि मेथिओनिन, लायसिन ही अमिनो आम्लं. ५,००० पक्ष्यांची बॅच सव्वादोन किलोपर्यंत वाढेस्तोवर १७-१८ टन खाद्य फस्त करते. म्हणजे शंभर क्विंटलच्या वर मका. एकरी २०-२५ क्विंटल उतारा धरला, तर चार-पाच एकरांचं पीक एका शेडात सहा आठवड्यांत संपतं. अंड्यावरच्या कोंबड्यांची भूक वेगळीच. २०२३-२४ मध्ये देशात १४,२७७ कोटी अंडी झाली.

[दृश्य: मळणी यंत्र. मोंढ्यात ओलावा मोजणारं यंत्र.]

मळणीतून निघालेल्या खरीप मक्यात २० ते २५ टक्के ओलावा असतो. साठवायचा तर तो १४ च्या खाली हवा, १२ असेल तर उत्तम. "हवा जास्त आहे," म्हणत आडत्या भाव तोडतो, तो इथे. हिशेब सोपा आहे. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १३ वर आणला की ९२ किलो भरतो. म्हणजे भावातली कपात आठ टक्के आणि वाळवणीची मजुरी यांच्यापेक्षा जास्त होत असेल, तर वाळवून विकावा. पण परतीचा पाऊस दारात उभा असताना ताडपत्री किती वेळा झाकायची, हा प्रश्न उरतोच.

ओला, फुटक्या दाण्याचा मका थप्पीत गेला की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. डोळ्याला दिसत नाही, भरडून जात नाही, खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करतानाच्या वाफेनंही मरत नाही. खाद्यातली मर्यादा २० पीपीबी, म्हणजे टनाला २० मिलिग्रॅम. त्यापुढे पक्षी खातो, पण अंगी लागत नाही. लसीचा परिणाम कमी होतो. मेलेला पक्षी उघडला तर यकृत पिवळट, फुगलेलं, बोटानं दाबलं की फुटणारं.

[दृश्य: शेड. वजनकाटा.]

याची झळ बसते करारावर पक्षी वाढवणाऱ्याला. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी, तूस, मजुरी शेतकऱ्याची. मोबदला किलोवर मिळतो, पण तो एफसीआरला, म्हणजे एक किलो वजनामागे लागलेल्या खाद्याला, बांधलेला असतो. एक किलो वजनाला दीड-पावणेदोन किलोच्या जागी दोन किलो खाद्य लागलं की दर खाली येतो. एप्रिलच्या उन्हानं एफसीआर बिघडला, पेंड कच्ची राहिली म्हणून बिघडला की मक्यानं, हे हिशेबाच्या कागदावर दिसत नाही.

सोयाबीनची गोष्ट थोडक्यात. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आणायला मुभा दिली. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन तेव्हा दहा हजारांच्या घरात होतं. नवा माल येईस्तोवर भाव निम्म्याच्या आसपास आला. आयात हे एकच कारण नव्हतं. पण कोंबडीवाले सुटले आणि सोयाबीनवाले अडकले, आणि कितीतरी गावांत हे दोघे एकाच घरातले होते.

[दृश्य: इथेनॉल प्रकल्पाबाहेर मक्याचे ट्रक.]

डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि कारखाने मक्याकडे वळले. भाव चढला, शेतकऱ्याला बरं झालं, खाद्यवाल्यांची ओढाताण सुरू झाली. इथेनॉल काढून उरलेला चोथा, डीडीजीएस, पेंडीपेक्षा स्वस्त म्हणून आता खाद्यात येतो. मात्र स्टार्च निघून गेल्यावर माल तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि मूळ मक्यातलं विष त्यात जवळपास तिप्पट दाट होतं. डीडीजीएस घेणाऱ्यानं प्रत्येक गाडीची तपासणी केलीच पाहिजे.

करारवाल्याच्या हाती तपासणी नसते, नमुना असतो. खाद्याची गाडी उतरली की आठ-दहा कट्ट्यांतून मूठमूठ घेऊन किलोभर एकत्र करावं. पिशवी घट्ट बांधून तारीख आणि लॉट नंबर लिहावा, आणि बॅचचा हिशेब मिटेपर्यंत ती कोरड्या जागी ठेवावी.