कुशीवर घेताना

दुपारचे दोन. ऑर्थोपेडिक वॉर्ड. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी सकाळपासून उताण्या पडून आहेत. हललं की कळ येते, म्हणून त्या हलत नाहीत. त्यांना दुखेल म्हणून घरचे हात लावत नाहीत. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात पुष्कळदा अशी मायेपोटीच होते.

उतारवयात माकडहाडावर मांस फारसं उरलेलं नसतं. हाड आणि गादी यांच्यामध्ये रक्तवाहिन्या दबतात. काही तासांत आतलं मांस मरू लागतं, वरची कातडी मात्र शाबूत दिसते.

सिस्टर आणि मावशी दोन्ही बाजूंनी ड्रॉ शीट, म्हणजे आजींच्या अंगाखालची आडवी चादर, धरतात. आजींना उचलून सरकवायचं, ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे जातं.

आता पाठ बघायची. लाल डागावर बोट दाबून सोडलं आणि तो क्षणभर फिका पडला, तर ठीक. लाली हललीच नाही, तर इजा सुरू झाली. पण ही पुस्तकातली लाली गोऱ्या कातडीची! आपल्याकडच्या सावळ्या पाठीवर ती दिसेलच असं नाही. म्हणून सिस्टर हात लावून बघतात. शेजारच्या जागेपेक्षा गरम लागतंय? गार? टणक, की लिबलिबीत? ‘इथं दुखतंय का हो, आजी?’

बेडसोरचा धोका मोजायला 1987 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ब्रेडन स्केल आज अनेक रुग्णालयांत वापरतात. सहा गोष्टींना गुण द्यायचे: संवेदना, ओल, उठणं-चालणं, अंथरुणातली हालचाल, आहार, घर्षण. जास्तीत जास्त गुण 23; 18 किंवा त्याखाली आले की धोका.

आजींना 30 अंशांतच कलतं ठेवलंय. पूर्ण कुशीवर घेतलं तर भार खुब्यावर येतो. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. साधारण दर दोन तासांनी पुन्हा हेच.

नातेवाईक हौसेनं हवेची रबरी रिंग आणतात. ती परत पाठवा. तिच्या कडेनं उलट रक्तपुरवठा अडतो. स्पिरिट लावून लाल जागा चोळणंही नको. एअर बेड चांगला, पण तो घातला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. पंपाचं बटण चालू आहे ना, एवढं मात्र बघा. अनेकदा मोबाइलच्या चार्जरसाठी त्याचीच पिन काढलेली असते.

रात्री अख्ख्या वॉर्डला सिस्टर कमी असतात. म्हणून दिवसपाळीच्या सिस्टर जाण्याआधी आजींच्या मुलाला बजावतात, ‘दादा, बारा वाजता हाक मारा. एकट्यानं ओढायचं नाही.’