मान ठरलेला, लूट मोकळी

अध्यक्ष महोदय आणि कोल्हापूरकर मंडळी,

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे महाकालीची यात्रा चैत्रात भरते. मराठवाड्यातून भाविक येतात, झरपट नदीच्या काठी उतरतात, दर्शन घेऊन परततात. तिथे माणसं देवीकडे येतात. तुमच्या नवरात्रात देवीच घराबाहेर पडते, तेही रुसलेल्या सखीची समजूत काढायला. मला त्याचं फार अप्रूप वाटलं, म्हणून आज मंदिर बाजूला ठेवून रस्त्यावरचंच बोलतो.

ही रुसव्याची कथा मी ऐकली ती महाद्वार रोडवर, बांगड्या भरणाऱ्या एका बाईंकडून. समोरच्या मुलीचा हात त्यांच्या हातात, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबत हिरवी बांगडी एकेक करून चढवताहेत, मध्येच "हात सैल सोड गं" म्हणून दटावताहेत, आणि कथा सुरूच. कोल्हासुराला अंबाबाईनं मारलं. पण कामाक्ष दैत्यानं देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकलं होतं, त्याचा वध त्र्यंबोलीनं केला. आणि विजयाच्या सोहळ्याचं बोलावणं नेमकं तिलाच गेलं नाही! ती जाऊन टेकडीवर पाठ फिरवून बसली. "पत्रिका राहिली की सोयरं पण असंच करत्यात की," बाई म्हणाल्या. साऱ्या पुराणावर याहून नेमकं भाष्य मला कुणी ऐकवलेलं नाही.

तर ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या, म्हणजे त्याच त्र्यंबोलीच्या, टेकडीकडे निघते. तुळजाभवानीची पालखी असते, गुरुमहाराजांची असते. बागल चौक, टाकाळा असा शहराचा अगदी रोजचा, दुकानं-गॅरेजांचा भाग, आणि त्यातून अब्दागिरी चाललेली. रस्त्यावर सडा घातलेला, दारोदारी रांगोळ्या. मी एका गॅरेजच्या कट्ट्यावर उभा होतो. मालकानं विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?" चंद्रपूर म्हटल्यावर त्यानं आतून खुर्ची आणून दिली आणि स्वतः मात्र बसला नाही. देवी जाईपर्यंत या रस्त्यावर कुणी बसत नसावं. मग मीही उठलो.

चालणाऱ्यांत एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येकाचा मान ठरलेला. पालखीला खांदा कुणाचा, चवरी कुणाच्या हाती, पुढे कोण, मागे कोण. टेकडीवर कोहळा फोडण्याचा मान गुरव घराण्यातल्या कुमारिकेचा. छत्रपती घराण्याच्या हस्ते पूजा होते आणि मग ती एवढीशी मुलगी त्रिशूळ उचलते. तोवर सगळं दोरीत आखल्यासारखं.

कोहळा फुटला, की ती दोरी तुटते. ज्यांना कसलाच मान नाही असे शेकडो लोक त्या तुकड्यांवर झेपावतात. पोलिसांची साखळी मोडते, चपला सुटतात, टोप्या उडतात. माझ्या शेजारच्या गृहस्थांना मिळाला तो लिंबाच्या फोडीएवढा तुकडा, साल जास्त आणि गर कमी. त्यांनी तो रुमालात बांधला, रुमाल शर्टाच्या आत घातला आणि वरून हात दाबून धरला. चेहरा असा, की जणू गुजरीतल्या सराफाकडून तोळाभर सोनं घेऊन निघालेत.

काही सुशिक्षित मंडळींना ही झोंबाझोंबी अडाणीपणाची वाटते, तुकडे रांगेत वाटावेत असं ते म्हणतात. मला पटत नाही. चेंगराचेंगरी होऊ नये, म्हातारी-पोरं लांब ठेवावीत, हे शंभर टक्के मान्य. पण वर्षभर ज्याला मानाच्या यादीत जागा नाही, त्याच्या वाट्याला हाच एक क्षण आहे. त्यालाही कूपन लावलं तर त्याचा सण उरला कुठे?

अष्टमीच्या नगरप्रदक्षिणेबद्दल तुम्हाला मी काय सांगावं. रात्री रांगोळ्या पुसू नयेत म्हणून महाद्वार रोडवर अख्खी गर्दी कडेकडेनं चालते, एवढंच सांगतो.

दसरा चौकात मात्र पुन्हा तेच. सूर्य कलताना तिन्ही पालख्या येतात, छत्रपती जुन्या मेबॅक मोटारीतून येतात, लकडकोटाजवळ, म्हणजे आपट्याच्या फांद्या ठेवलेल्या लाकडी कुंपणाजवळ, शमीपूजन होतं. सगळा मानपान यथासांग. मला ती जागा विशेष वाटली. शाहू महाराजांचा पुतळा, आसपास मुस्लिम बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग. 1901 पासून त्यांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, त्यातली ही. सीमोल्लंघनाला आलेली गर्दी त्या वसतिगृहांच्या दारांपर्यंत उभी असते आणि सोनं लुटायला तिथं कुणी कुणाची जात विचारत नाही. विचारायला सवडच नसते म्हणा!

पूजा आटोपली की सोन्यावर तुटून पडतात. आपट्याच्या फांद्या हातोहात ओरबाडल्या जातात. एक पोरगा त्यातून बाहेर आला तो शर्टाची दोन बटणं गमावून, मुठीत चुरगळलेली पाच-सहा पानं घेऊन. समोर पोलीस उभा होता, त्यानंच मघाशी याला दोनदा मागं ढकललं होतं. पोरानं एक पान सरळ केलं, पुढं धरलं, "साहेब, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!"

पोलीस म्हणाला, "आधी बॅरिकेडच्या मागं हो. मग दे."