देव नाही म्हणणारे नेमकं काय मानतात?

कुणी म्हणालं, 'मी कुठलाच धर्म मानत नाही', की आपण पुढचं स्वतःच जोडून टाकतो. म्हणजे देव नाही, आत्मा नाही, नशीबही नाही. सगळं झटकून मोकळा!

जरा थांबा. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेनं २०१२ साली अशाच, धर्माच्या रकान्यात 'काही नाही' म्हणणाऱ्यांना विचारलं: देव आहे का? ६८ टक्के म्हणाले, आहे. त्यांचं वाजलं होतं ते धर्मसंस्थेशी. देव घरातच होता.

आता जपान. तिथे शब्द आहे 'मुशूक्यो', म्हणजे धर्म नसलेला. स्वतःला असं म्हणवणारी कितीतरी माणसं नव्या वर्षात देवळात जातात, पूर्वजांपुढे हात जोडतात. ढोंग? मला तसं वाटत नाही. 'शूक्यो' हा शब्द 'रिलिजन'साठी रुळला तोच मुळी एकोणिसाव्या शतकात, मेइजी काळात. तो ऐकला की डोळ्यांसमोर येतो एखादा पंथ, त्याची शिकवण, त्याचं सभासदत्व. देवळात जाणं ही तर रीत, त्यात धर्म कुठून आला?

डेन्मार्कात नेमकं उलटं. बहुसंख्य लोक राष्ट्रीय चर्चचे सभासद, त्यासाठी करही भरतात. दर रविवारी तिथे जाणारे मात्र मोजकेच.

आणि हसू नका, आपला 'नास्तिक' शब्दही कमी फसवा नाही. दर्शनांच्या, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानातल्या विचारपरंपरांच्या, जुन्या वाटणीत नास्तिक म्हणजे वेद प्रमाण न मानणारा. म्हणून ईश्वराशिवाय जगाची उकल करणारं सांख्य आस्तिकांच्या पंगतीत. यज्ञाचे कट्टर पुरस्कर्ते मीमांसक, त्यांनाही जगाचा कर्ता लागत नाही, तेही आस्तिकच! जैन-बौद्ध मात्र चार्वाकाच्या रांगेत, आणि चार्वाकाला तर पुनर्जन्मसुद्धा मान्य नाही. कोण कुणाशेजारी बसलंय बघा.

२०१९ मध्ये केंट विद्यापीठाच्या पुढाकारानं सहा देशांतला एक अभ्यास आला: ब्राझील, चीन, डेन्मार्क, जपान, ब्रिटन, अमेरिका. देव न मानणाऱ्यांपैकी 'निसर्गापलीकडे काहीच नाही' असं ठामपणे धरून चालणारे या सहाही देशांत अल्पसंख्य निघाले. दैवी शक्ती, कर्मफळ, ज्योतिष, काही ना काही उरलेलं होतंच. आणि आयुष्यात महत्त्वाचं काय, तर कुटुंब आणि स्वातंत्र्य, अगदी इतरांसारखंच. देव गेला की नीती गेली, असं म्हणणाऱ्यांची इथे जरा पंचाईत होते.

मग देवाशिवाय जगणं प्रत्यक्षात दिसतं कसं? नॉर्वे बघा. चर्चमध्ये किशोरवयात दृढीकरण होतं, म्हणजे मुलं आपल्या श्रद्धेची जाहीर कबुली देतात; त्याला तिथे १९५१ पासून पर्याय आहे. मुलं आधी एक वर्ग करतात; त्यात नीती, मानवी हक्क आणि स्वतंत्र विचार कसा करायचा, यावर चर्चा. मग सभागृहात समारंभ होतो. भाषणं, संगीत, हातात प्रमाणपत्र. आणि समोर नटूनथटून बसलेले आजी-आजोबा.